दृष्ट

पाठीवर सॅक टाकून किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडणारं ते जोडपं एका रात्रीपुरतं अर्नाळ्यात उतरलं होतं. सकाळी निघताना, नको नको म्हणत असतानाच, खोलीवाल्या शकूमावशींनी दोघांची दृष्ट काढली. आधी सुमेधची, मग उन्नतीची. मग जरा वाकून दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेवरूनही मीठमोहऱ्यांची मूठ ओवाळली.

"मावशी, आम्ही दोघंच आहोत," उन्नती घाईनं म्हणाली.

"आनि मधी चालते ती कोन गं?"

उन्नतीला सुमेधकडे बघवेना. चार वर्षांची लेक देवाघरी गेल्यापासून त्यानं तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. उन्नतीनं विसरावं म्हणून तिला गावोगाव चालवत होता.

सॅक उतरवून सुमेध ओट्यावर बसला.

"मावशी, ती दमलीय का हो? फार चालवलं आम्ही तिला."