बुधाजीचा कंदील

सुंदराबाईने आधी काडी ओढली, मग शेगडीची चावी फिरवली. हा क्रम ती आता चुकत नसे. शेगडी पेटली नाही. आज तिसरा दिवस. अकरा वाजता ब्लॉकचे साहेब, दोन पुढारी आणि एक फोटोवाला तेल्हाऱ्याहून जीपने येणार होते, ते याच शेगडीवर चहा उकळताना बघायला.

गोठ्यामागे तिचा नवरा जानराव गोबरगॅसच्या खड्ड्याभोवती येरझारा घालत होता. खड्डा विहिरीसारखा गोल आणि खोल. त्यात शेणकाला आंबायचा, त्याचा गॅस वरच्या लोखंडी टोपात साठायचा आणि नळीने शेगडीपर्यंत यायचा. आता टोप तिरका होऊन अडकला होता. आत शेणाची जाड साय धरली असणार, असा गावाचा अंदाज. टोपासोबत आलेल्या सरकारी पत्रकात उपाय असेलही, पण खड्ड्याच्या पूजेच्या दिवशी त्यालाही हळदकुंकू वाहिलं गेलं, आणि तेव्हापासून ते देवघरात होतं. देवघरातला कागद कोण वाचणार?

सकाळपासून आठ गड्यांनी टोपाची एक बाजू दीड हात उचलून खाली ओंडके सारले होते. त्या फटीतून उतरून साय फोडायला बुधाजीला बोलावलं होतं. बुधाजी विहिरी उपसणारा. त्याच्याइतका सावध माणूस तालुक्यात नव्हता. तीस वर्षांत दोरीने कंदील सोडून पाहिल्याशिवाय तो एकाही विहिरीत उतरला नव्हता. कंदील विझला की हवा वाईट; मग मालकाने पाय धरले तरी उतरायचं नाही. बरोबरीचे चौघे न बघता उतरले होते. त्या चौघांची नावं तो अजून सांगायचा, कोणी विचारलं नाही तरी.

त्याने कंदिलाची काच पुसली, वात वर केली. याला म्हणतात अक्कल, असं जानरावाने जमलेल्यांना कौतुकाने सांगितलं. एका म्हाताऱ्याने वात अजून थोडी वाढवायला सुचवलं.

सुंदराबाई गोठ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली. फटीतून बुडबुड आवाज येत होता, मंद आचेवर पिठलं शिजावं तसा.

"अवो, दिवा कायले नेता तिथं?" ती नवऱ्याला म्हणाली. "गॅस हाय तो. पेटते."

"पेटते कुठं?" जानराव म्हणाला. "तीन दिवस झाले, पेटूनच नाई राह्यला. म्हणून तं बुधाजीले बोलावलं."

गडी हसले. म्हाताराही हसला.

ती तिथून हलली नाही. मागच्या महिन्यात तिने चावी आधी फिरवली होती आणि काडी मागून शोधली होती. उशीर तेवढाच झाला. त्या दिवसापासून ती पदर कपाळावर पुढे ओढून घ्यायची, आणि घरात गॅस आल्यापासून जानरावची बायको मर्यादेने वागायला लागली, असं गाव म्हणायचं.

"बुधाजीभाऊ," ती मोठ्याने म्हणाली. एवढ्या गड्यांत तिचा आवाज पहिल्यांदाच इतका चढला होता. "कंदील इझवा."

बुधाजीने मान वर केली. बाईमाणसाची काळजी त्याला समजत होती.

"इझवला तं आतली हवा कशी समजन, वयनी?" तो समजुतीने म्हणाला. "मले घरी लेकरं हायेत. बिना कंदिलाचा मी उतरत नाई."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. जानराव टोपी नीट करत फाटकाकडे धावला.

बुधाजीने दोरी हातभर सोडली, थांबला, वाकून ज्योत निरखली. विझायचं नाव नव्हतं. उलट ती उंच होत चालली होती, आणि कडेने निळसर. हवा चांगली आहे, त्याने गड्यांना सांगितलं, आणि दोरी आणखी हातभर सोडली.

सुंदराबाईचा हात आपोआप भुवईकडे गेला. तिथं अजून केस उगवले नव्हते.