सगळ्यात मागची जागा

फाटक उघडून बराच वेळ झाला होता, तरी टेकडीच्या पायवाटेवर कुणी पाऊल टाकायला तयार नव्हतं. सरांची जुनी टीम जमली होती. पोटं सुटलेली, केस विरळ झालेले, बूट मात्र कोरे करकरीत. आणि जो तो दुसऱ्याला पुढे ढकलत होता.

"हो पुढे."

"तू हो. मी येतो मागून."

कारण साधं होतं. फुटबॉलच्या पोरांचा दम वाढावा म्हणून सर दर रविवारी त्यांना या टेकडीवर आणायचे आणि स्वतः सगळ्यात मागे चालायचे. जो सगळ्यात हळू त्याच्या पाठोपाठ, खांद्याला सॅक अडकवून, झाडापाखरांची नावं सांगत. सर गेले, म्हणून त्यांच्या आठवणीखातर एकदा टेकडी चढायचं ठरलं, आणि प्रत्येकानं मनातल्या मनात तीच जागा आपल्यासाठी धरून ठेवली. आता सगळी टीम शेपूट व्हायला आली होती आणि तोंड व्हायला कुणीच नव्हतं.

सरांची मुलगी कुंपणाला टेकून हा घोळ बघत होती. सरांची सॅक तिच्या पाठीवर होती. तेव्हा मागे कोण चालणार यात तिच्या मते वाद घालण्यासारखं काही नव्हतं.

तिला ती जागा हवीच होती. लहानपणी ती सगळ्यांत चपळ, म्हणून बाबांनी तिला कायम पुढे काढलं. 'पुढच्यानं मागे वळून बघायचं नाही, पाय घसरतो,' हा त्यांचा नियम. बाकीच्या पोरांना बाबांच्या गप्पा मिळायच्या, खिशातल्या गोळ्या मिळायच्या, दमलं तर पाठीवर हात मिळायचा. तिला मिळाली एक भडक लाल टोपी. पोरं तिला टोमॅटो म्हणायची. जरा मोठी झाल्यावर तिनं ती टोपी खुंटीला अडकवली ती कायमची, आणि टेकडीवर यायचंही सोडलं. बाबांनी कारण विचारलं नाही. त्याचा तिला राग आला होता, आणि तो अजून पुरता गेला नव्हता. माणूस जातो आणि त्याच्यावरचा राग मागे राहतो, याची तिला अलीकडे फार लाज वाटायची.

"अगं, तू इथे मागे काय करतेस?" मालगाडीनं विचारलं.

मालगाडी म्हणजे टीमचा गोलकीपर. हे नाव सरांनीच ठेवलेलं. पुढे त्यानं टायरचं दुकान काढलं, तेव्हा पाटीवरही हेच नाव रंगवून घेतलं होतं.

"आज मी मागून येणार," ती म्हणाली. "एकदा तरी."

"मग मी चढू कसा?"

"पायांनी."

तो हसला नाही. "थट्टा नाही करत. मी पहिल्याच वळणावर बसकण मारायचो. सर रागवायचे नाहीत. म्हणायचे, मालगाडी, मला लांबचं धड दिसत नाही रे. बघ जरा, आमची लाल टोपी दिसतेय का? मग मला उठावंच लागायचं. दिसली म्हटलं की म्हणायचे, कुठाय, दाखव. मी थोडं पुढे जाऊन बोट दाखवायचो. असं करत करत माथा यायचा."

ती त्याच्याकडे बघत राहिली. बाबांना लांबचं दिसत नव्हतं? दरीपलीकडच्या झाडावरचा पक्षी नर की मादी, हे नुसत्या डोळ्यांनी सांगायचे ते.

"मला आपलं वाटायचं, मी नसतो तर सरांची पोरगी हरवली असती." मालगाडीनं रुमालानं मान पुसली. चढण अजून सुरू व्हायची होती. "मोठा झाल्यावर कळलं, मला वर न्यायचा तो डाव होता. पण एक सांगू का? तू यायची बंद झालीस ना, त्यानंतरही ते विचारायचे. सवयीनं तोंडातून निघून जायचं. मग बराच वेळ गप्प चालायचे."

तिनं पाठीवरची सॅक उतरवून उघडली. दोरी, पट्ट्या, पाण्याची बाटली. आणि तळाशी, नीट घडी घालून, टोपी. कधीतरी खुंटी रिकामी दिसली होती, तेव्हा आईनं फेकून दिली असेल असं समजून तिनं चौकशीही केली नव्हती. टोपी विटली होती, तरी लालच होती.

तिचे डोळे भरून आले. ते तिनं लपवलं नाही. सॅक मालगाडीच्या हातात दिली.

"धर. आणि कुणाला मागे टाकून आलास तर माझ्याशी गाठ आहे."

टोपी आता घट्ट बसत होती. ती फाटकातून आत शिरली तशी गर्दी आपोआप बाजूला झाली. "टोमॅटो निघाला," कुणीतरी हळूच म्हणालं, आणि इतका वेळ अडून बसलेली टीम तिच्या मागोमाग चालू लागली.

वाट पायांना ओळखीची होती. पहिलं वळण दिसू लागलं तेव्हा खालून बुटांचे आवाज येत होते, धापा येत होत्या. मग अगदी शेवटून मालगाडीचा आवाज आला.

"दिसतेय का रे?"

"दिसतेय," वाटेवरून कुणीकुणी सांगितलं.

तिची मान अर्धी वळली आणि तिथेच थांबली. आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती वळणाआड गेली असती. ते पाऊल तिनं टाकलं नाही. टोपी नीट केली आणि मागे न बघता, सगळ्यांना दिसेल अशी, ती तिथेच उभी राहिली.