माळकऱ्याचं बिरडं

काळुरामने घास तोंडात फिरवला आणि चावायचं थांबवलं.

समोर बसून त्याला भाकरी मोडून देणाऱ्या त्याच्या बायकोचा, सगुणाचा, हातही थांबला. डोक्यावर पंखा फिरत होता, तरी तिला दरदरून घाम फुटला.

"काय झाला? तिखट झाला क?" तिने विचारलं.

तो जिभेने तोंडात काहीतरी चाचपत राहिला.

ताटात वालाचं बिरडं होतं. दिसायला नेहमीसारखंच, लाल रश्शाचं. पण गेल्या सोमवारपासून सगुणा त्यात गुपचूप बोकडाच्या पायांचं सूप ओतत होती.

घरात शेगड्या दोन होत्या. खालची माळकऱ्याची, वरची बाकीच्यांची. सून दिशा मटण-मासळी वरच्या मजल्यावर शिजवायची आणि साबणाने हात धुऊन मगच जिना उतरायची. ज्या माणसाने उभा जन्म खाडीतल्या निवट्या मासळीचं कालवण ओरपलं, त्याने गळ्यात तुळशीची माळ घातल्यापासून अंड्याचं टरफलही खाली येऊ दिलं नव्हतं. मुलगा दिपेश वैतागायचा. "बाबा, डॉक्टर काय बोलले? अंगात ताकद आल्याशिवाय ऑपरेशन करणार नाय. आणि तुम्ही खाताय काय, तर पडवळ." पनीर काळुरामला रबरासारखं लागे, सोयाबीनने पोट बिघडे. लेंग्याची नाडी दिवसेंदिवस जास्त आवळावी लागत होती. ठाण्याच्या डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं होतं, आणि पोटातलं दुखणं काही थांबायला तयार नव्हतं.

माळ त्याने हौसेने घातली नव्हती. सगुणा छातीच्या दुखण्याने कल्याणला हॉस्पिटलात नळ्या लावून पडली होती, तेव्हा बाहेरच्या बाकड्यावर बसून तो देवाला बोलला होता, हिला उठव, मी मासमच्छी सोडतो. ती उठली. आलेल्या पहिल्याच एकादशीला त्याने महाराजांच्या हातून माळ घेतली.

म्हणजे तिचा जीव त्या माळेला बांधलेला, आणि त्याचा जीव त्या माळेपायी चाललेला. इकडे आड, तिकडे विहीर. सगुणाच्या छातीत जराशी कळ आली तरी तिला वाटायचं, झालं, बोलावणं आलं. पण सकाळी तो अंघोळीला बसला आणि त्याच्या बरगड्या दिसल्या की ती पुन्हा किटली घेऊन जिना चढायची. किटली दुधाची, म्हणजे त्याला संशय नको.

"आई, बाबांना कळलं ना, तर तुमच्या हातचं पाणी पण पिणार नाय ते," दिशा बोलली होती.

"कलू दे," सगुणा बोलली होती. "जिता तं राहील."

एरवी ती सूप चहाच्या गाळणीतून गाळून घ्यायची. आज काळुरामने जेवायला लवकर मागितलं. बऱ्याच दिवसांनी त्याने स्वतःहून भूक लागली म्हटलं, त्या आनंदात तिची धांदल उडाली. गाळणी वरच राहिली. तिने किटलीचं झाकण तिरकं धरलं आणि तसंच ओतलं.

आता काळुरामने दोन बोटं तोंडात घातली. काहीतरी बाहेर काढून ताटाच्या कडेला ठेवलं. नखाएवढी हाडाची कपची होती.

भाताचं पातेलं घेऊन आलेली दिशा दारातच उभी राहिली.

"वालातला खरा असंल," सगुणा कशीबशी बोलली. स्वतःच्या लग्नाच्या हळदीपासून गावच्या प्रत्येक हळदीला बोकड सोलत आलेल्या माणसाला ती हाडाला खडा म्हणत होती.

मागे एकदा त्याच्या ताटाला मासळीचं खवल चिकटलेलं निघालं, तर हा दोन दिवस नुसत्या पाण्यावर राहिला होता. तेव्हा अंगात मांस तरी होतं. आता अन्न सोडलं तर दोन दिवस कुठले काढतो.

"कवापासून?" काळुरामने विचारलं. आवाज अगदी खोल गेला होता.

खोटं बोलायला तिला सुचलंच नाही. "सोमवारपासना."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. हात गळ्यातल्या माळेपर्यंत गेला आणि तिथून मागे फिरला. आता ताट भिंतीवर आपटणार, असं धरून सगुणाने डोळे मिटून घेतले.

ताट वाजलं नाही.

तिच्या कपाळाला काहीतरी ओलं, गरम लागलं. तिने डोळे उघडले. काळुराम गुडघ्यांवर पुढे सरकला होता. हात उष्टा आहे याचंही त्याला भान नव्हतं. आधी तिचं कपाळ, मग गळा, मग पुन्हा कपाळ, लेकराचा ताप बघतात तसा तो चाचपत होता.

"सगुना, तुला बरा हाय ना गं?" तो बोलला. "छातीत दुखत तं नाय ना?"

तिने मान हलवली.

"खरा सांग."

"नाय दुखत," ती बोलली.

बिरड्याचा रस ओघळत तिच्या कुंकवापर्यंत आला, तरी त्याने हात काढला नाही.