कच्चा टाका

"तिथे नाही हो. दोन बोटं खाली. बावीस वर्षं झाली लग्नाला, अजून बायकोची पाठ सापडत नाही तुम्हाला."

ती कटिंगच्या टेबलावर पालथी पडली होती, गाल थेट लाकडावर टेकलेला. अंगात नवऱ्याचा जुना पांढरा शर्ट. नवरा, ज्याला अख्खी गल्ली मास्टर म्हणायची, तिच्या उजव्या खांद्याच्या पात्याखाली अंगठ्याने चाचपत होता. एका जागी तो थांबला आणि जोर दिला. टेबलाच्या कडेवरून लोंबणाऱ्या तिच्या हाताचा अंगठा आपोआप थरारला.

"सापडली," मास्टर म्हणाला.

"चोर धरल्यासारखं काय सांगतोस, दादा!" नणंद कोपऱ्यात काजं करत बसली होती. "आम्हीही जन्मभर सुईच धरली. आमची पाठ बाई मुकी. वहिनींच्या पाठीला मात्र वाचा फुटलीय."

"वाचा कसली, वन्सं, कंठ फुटलाय. दिवसभर गात असते," ती टेबलाला तोंड लावूनच म्हणाली.

हात दुखायला लागून आठ महिने झाले होते. एक्स-रे स्वच्छ, रक्त स्वच्छ. शेवटी दवाखान्यात व्यायाम करून घेणाऱ्या मुलीने सांगितलं, स्नायूंत गाठी धरल्यात. गाठ असते पाठीत आणि कळ उतरते अंगठ्यात. गाठ दाबून धरायची, मग सोडायची, रोज. दुखतं तिथेच चूक असते असं नाही, ती मुलगी म्हणाली होती.

मास्टरला हे तिथल्या तिथे पटलं. कॉलर मागून फुगली की कॉलर उसवत बसणारा गाढव. चूक खांद्याच्या उतारात असते. मग त्याने बायकोची पाठ अल्टरेशनला आलेल्या कपड्यासारखी मनावर घेतली. तिला हा शर्ट घालायला लावून प्रत्येक गाठीवर खडूने फुली मारली. खडू पुसतो म्हणून फुलीवर लाल दोऱ्याचा कच्चा टाका घातला. एकूण एकोणीस. रोज सकाळी तो विचारायचा, "आज कुठे कमी आहे?" ती जागा सांगायची, आणि तिथला टाका तो उसवायचा.

आज एकच उरला होता. त्या भरवशावर मास्टरने कालच हिच्या जागी ठरवलेल्या शिवणाऱ्या बाईला नको म्हणून कळवलं होतं. ती बाई उद्यापासून हिच्या मशीनवर बसायची होती.

त्याने अंगठा काढला. "कमी आहे ना?"

नणंदेची सुई कापडात अर्धी शिरून थांबली.

"आहे."

मास्टरने कात्रीच्या टोकाने टाका कापला, दोरा ओढून काढला आणि फुंकर मारून उडवला.

"ऊठ. एक कॉलर लावून दाखव, बस."

मशीन खिडकीशी होतं. मास्टर कापायचा, शिवायला तो कधी बसला नव्हता. त्याने मशीनवरची चादर काढली, घडी घातली, स्टूल पुढे ओढलं. ती बसली. कॉलर सुईखाली सरकवून तिने पायडलवर पाय ठेवला.

सरळ भाग झाला. टीप छान आली होती. मास्टर श्वास रोखून बघत होता. टोकाशी वळवायची वेळ आली आणि तिचा उजवा हात कापडावरून घसरून मांडीत पडला. मशीन थांबेपर्यंत टीप वाकडी होत कडेबाहेर गेली.

"सवय मोडलीय," नणंद घाईने म्हणाली. या वेळी तिच्या आवाजात टोमणा नव्हता. "होईल हळूहळू."

"एखादी गाठ राहिली असेल." मास्टर खिशात खडू शोधू लागला. "चढ परत टेबलावर."

ती उठली नाही. डाव्या हाताने तिने उजवा हात उचलला आणि मशीनच्या फळीवर ठेवला, कुणा दुसऱ्याचा असावा तसा.

"अहो, एकही गेलेली नाही."

"एकोणीसच्या एकोणीस?"

"वाढल्याही असतील. तुम्ही रोज असे तोंडाकडे बघत विचारायचात. नाही कसं म्हणायचं?"

मास्टर तिच्या पाठीकडे बघत राहिला. शर्टावर टाक्यांच्या जागी सुईची भोकं तेवढी उरली होती.

"त्या बाईला बोलवा," ती म्हणाली. "माझ्याच्याने आता शिवणं व्हायचं नाही. उद्याही नाही आणि पुढेही नाही."

नणंदेने काजावरची मान वर केली नाही.

"आणि तिला आधीच सांगा. हे मशीन कापड डावीकडे ओढतं. उजव्या हाताने सारखं ताणून धरावं लागतं, नाहीतर टीप सरळ येत नाही."

मास्टरच्या हातात खडू तसाच राहिला.

"कधीपासून?"

"तुम्ही आणलंत तेव्हापासून." तिने वाकडी टीप उसवायला नख घातलं. नख दोऱ्यात शिरेना. "इतक्या हौसेने आणलं होतंत."