अण्णांच्या ताटातलं

साखर निघाली आणि सांडूअण्णांनी भात सोडला, गोड सोडलं. ते पहाटे हर्सूल तलावावर फिरून येईपर्यंत त्यांच्या बायको साळूबाई त्यांच्यासाठी वेगळी भाकरी थापायच्या. नातवंडांसाठी भात, पुरणपोळी व्हायचीच. रीत म्हणून अण्णांना वाढलेलं ताटात तसंच राहायचं. दोन वर्षांत अण्णांचं पोट उतरलं, फिरणाऱ्या मंडळींनी शाल घालून सत्कार केला. आज दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी साळूबाईंच्या पायाची पट्टी सोडली. काळवंडलेला अंगठा काढावा लागणार होता. "साखर एवढी वाढली, ह्या खात काय होत्या?" त्यांनी विचारलं. अण्णांना स्वतःचं पथ्य तोंडपाठ होतं, बायकोचं ताट कधी बघितलंच नव्हतं. "ह्यांचं उरलेलं," साळूबाई पुटपुटल्या. "टाकवत नाय." दवाखान्याची खिचडी आली. चार घास खाऊन साळूबाईंनी उरलेली झाकली. अण्णांनी ताट ओढून घास घेतला. साळूबाईंनी हात पुढं केला. "द्या इकडं, तुमाला भात चालत नाय."