तीन मेल, तिन्ही वाचलेल्या

पाराताईंनी पुन्हा तीच कमांड टाइप केली आणि एंटर दाबलं. कॉम्प्युटरने पुन्हा तेच सांगितलं: सर्व्हरवर तीन मेल आहेत, तिन्ही वाचलेल्या. नवीन काही नाही.

"वाचल्या कोणी, तुझ्या काकाने?" त्या स्क्रीनला म्हणाल्या.

पाराताई हे नाव हवामान खात्यातल्या सहकाऱ्यांनी ठेवलेलं. रोज पहाटे थर्मामीटरचा पारा त्या बघायच्या, आणि दिवसभर त्यांचा पारा बाकीचे बघायचे. आता निवृत्त होऊनही दोन्ही सवयी सुटल्या नव्हत्या.

आठवडाभर हाच छळ चालला होता. जाहिराती बिनबोभाट येत होत्या. चपलांच्या सेलचं आमंत्रण तर रोज यायचं. येत नव्हतं ते फक्त डोंगरावरच्या हवामान केंद्राचं उत्तर. तिथे हिवाळाभर राहायला एक अनुभवी निरीक्षक हवा होता आणि पाराताईंनी अर्ज ठोकून दिला होता. त्या उत्तराची वाट बघत त्यांना धड जेवणही गोड लागत नव्हतं.

त्यांनी केबल काढून घातली होती, पासवर्ड तपासला होता, मेल आणणारा प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकला होता, इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या मुलीशी फोनवर हुज्जत घातली होती. मुलगा येता-जाता म्हणायचा, "आई, हा डबा भंगारात दे. लिनक्स-बिनक्स पुरे झालं आता. चांगला फोन घेऊन देतो." पाराताई ऐकून घ्यायच्या आणि पुन्हा खुर्ची पुढे ओढायच्या. सबंध नोकरी त्यांनी लिनक्स या संगणकप्रणालीवरच काढली होती, तेव्हा त्याने दगा दिला हे त्यांना पटतच नव्हतं.

आणि दगा त्याने दिलाच नव्हता. नेहमीचं उत्तर म्हणून त्या जे रोज नजरेआड करत होत्या, ते आज त्यांनी नीट वाचलं. प्रोग्रॅम फक्त न वाचलेल्या मेल घरी आणायचा, वाचलेल्या तिथेच ठेवायचा. तशी शिस्त त्यांनीच त्याला लावून दिली होती. म्हणजे जाहिरातींना कोणी हात लावला नव्हता, आणि या तीन मेल कोणीतरी उघडून वाचल्या होत्या.

त्यांनी कमांडमध्ये एक अक्षर वाढवलं. आता सगळ्या आण, वाचलेल्यासुद्धा.

तिन्ही आल्या. पहिलीत लिहिलं होतं, तुमची निवड झाली आहे. दुसरीत, कृपया होकार कळवा. तिसरी कालची होती: उद्या संध्याकाळी पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर आम्ही दुसऱ्या उमेदवाराला विचारू.

तो उद्या म्हणजे आजच, आणि चार वाजून गेले होते. घड्याळ बघता बघताच पाराताईंना कोणी वाचल्या ते उमगलं, आणि राग आला. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांना वाचता येत नव्हतं म्हणून मुलाने त्यांची मेल आपल्या फोनवर लावून घेतली होती. डोळे बरे झाले, पण मेल तिथेच राहिली.

मुलगा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होता. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"माझ्या मेल तू वाचल्यास?"

त्याने इस्त्री उभी करून ठेवली. "पहिली चुकून उघडली गं. मला वाटलं, तुलाही आली असेल. मग तू काहीच बोलली नाहीस, तेव्हा वाटलं की बरं झालं, तुझा विचार बदलला."

"आणि मी त्या कॉम्प्युटरशी डोकेफोड करत बसले, तेव्हा काय वाटलं?"

तो शर्टाची बाही सारखी करत राहिला.

"तेव्हा कळलं," तो शेवटी म्हणाला. "कळलं, आणि मूग गिळून बसलो. तिथे बर्फ पडतो, आई. सहा मैलांत डॉक्टर नाही. जिन्यावर तुझा गुडघा कसा वाजतो ते मला ऐकू येतं."

तो खोटं बोलत नव्हता, हे पाराताईंना दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांना जास्त संताप आला. भांडायला लबाड माणूस बरा. मायेपोटी वाट अडवणाऱ्याशी भांडायचं म्हणजे आपणच दुष्ट ठरतो.

ठरले तर ठरले, असं म्हणून त्या मागे वळल्या.

खुर्चीत बसून त्यांनी उत्तर लिहिलं. उशिराबद्दल क्षमस्व. मी येत आहे. खोली खालच्या मजल्यावर मिळाली तर बरं, वरच्या मजल्यावर मिळाली तरी येणारच. खाली नाव टाकलं आणि पाठवून दिलं. मुलगा मागे येऊन उभा राहिला होता. त्याने अक्षर न् अक्षर वाचलं, पण हात मध्ये घातला नाही.

"फोन दे," पाराताई म्हणाल्या.

त्याने दिला. त्यांनी त्यावरून आपलं खातं काढून टाकलं, खरोखर गेलं ना हे दोनदा बघितलं, आणि फोन त्याच्या हातात परत ठेवला.

"आता तिथे तुझं काय चाललंय, हे मला कळणार कसं?" त्याने विचारलं.

"मी कळवेन, तेव्हा कळेल."

"आणि नाही कळवलंस तर?"

पाराताई माळ्यावरची ट्रंक काढायला खुर्चीवर चढत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"तर समज, आई कामावर आहे."