हेमलताचा नंबर

दर मंगळवारी विश्वासराव सरकारी रुग्णालयात येऊन रांगेतल्या हेमलताच्या काचेशेजारी बसत. थायरॉइडच्या मोठ्या डॉक्टरांचा नंबर लागायला दोन वर्षं लागत. तोवर पेशंटच्या जागी त्याचं प्रतिरूप काचेत थांबे, सिस्टरला दुखणं सांगे, आणि आतून बोलावणं आलं की पुसलं जाई.

खरी हेमलता गेल्या आषाढातच गेली होती. विश्वासरावांनी ते इथे कुणाला कळवलं नव्हतं.

"आज घसा फारच बसलाय," ती काचेतून म्हणाली. "तुम्ही जेवलात का?"

"जेवलो. मेथी जरा करपली."

"गॅस बारीक ठेवा म्हणून किती वेळा सांगितलं!"

विश्वासराव मनापासून हसले. हे ऐकायलाच तर ते दोन बस बदलून येत.

इतक्यात सिस्टरने पुकारलं, "हेमलता नाईकवडे!"

"अहो, लागला एकदाचा!" ती हरखली. "उठा ना!"

विश्वासरावांनी काचेवर हात ठेवला आणि मागच्या बाईंना म्हटलं, "ताई, तुम्ही जा."

"काका, असं काय करता?" सिस्टर वैतागली. "नंबर सोडलात तर रांगेत शेवटी जाल. पुन्हा दोन वर्षं बसावं लागेल."

"दोनच?" विश्वासरावांनी विचारलं.